गिअरच्या तेलाचा शुभारंभ

कांद्याचे व्यापारी महेश भामरे यांनी ती लाल गाडी घेतली त्या वर्षी लासलगावात कांद्याला असा भाव होता की भली भली शहाणी माणसं वेड्यासारखी वागली. एकट्या महेशरावांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोन दारांची, बुटकी, मागे पंख लावलेली ती परदेशी गाडी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्यात आली, पेढे वाटून झाले, बोनेटवर स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं चिरडली गेली, आणि कॉलनीच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट असं टेकलं की चौघांनी उचलून तिला पलीकडे ठेवावं लागलं. त्या दिवसापासून महेशरावांनी ती चालवली नाही. ती आपल्याकडे आहे, एवढंच त्यांना पुरे होतं. दसऱ्याला हार घालायचा, पाहुणे आले की कव्हर काढायचं, आत बसून एकदा गुरगुरवायची आणि परत झाकून ठेवायची. पाहुणे विचारायचे, "ॲव्हरेज काय देते?" महेशराव डोळे मिटून म्हणायचे, "ते नका विचारू." तिरुपतीला किती वाहिलं हे सांगताना लोक मिटतात तसे.

खरी चालवायची ती त्यांची मुलगी वेदिका. सातपूरच्या एका कारखान्यात ती यंत्रांची डिझाइन करायची आणि रविवारी सकाळी कव्हर काढून, गतिरोधक तिरका ओलांडून पेठ रोडला लागायची. सावळ घाटातलं एकेक वळण तिला ओळखीच्या माणसासारखं होतं: हे तोंडावर गोड, हे ऐनवेळी फिरणारं, हे नुसतं मोठ्या आवाजाचं. गाडीशीही तिचं तसंच जमलं होतं. फक्त गेले काही महिने दुसरा गिअर कुरकुरायला लागला होता. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणायला जावं, नेमकं वळणाच्या तोंडाशी, की खालून पत्र्यावर खडे घासल्यासारखा आवाज यायचा आणि दांडी हाताला झिडकारायची.

घरात या दुखण्याचं निदान लगेच झालं.

"बाईच्या हाताला गिअर बसत नसतो," महेशराव म्हणाले. या गृहस्थांना त्या गाडीचा रिव्हर्स अजून सापडलेला नव्हता.

"पप्पा, गाडी आल्यापासून गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नाहीये."

"तेल काय दूध हाय का नासायला? बंद डब्यात असतंय ते." मग त्यांनी निकालच दिला. "रविवारी तुमची ती घाट चढायची स्पर्धा हाय ना? पळव. पण तिथं गिअर करकरला, तर सोमवारी गाडी गेली समज. मालेगावचे खाजाशेठ कधीचे मागतायत. निदान गिअर पूर्ण मोडायच्या आधी देऊन टाकू."

म्हणजे रविवारी वेदिकाच्या पुढे घड्याळ असणार होतं आणि मागे खाजाशेठ. ती वाद घालत बसली नाही. तिने पुण्याहून तेल मागवलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं नेमकं तेच. त्या पुस्तकात तेलाचं नाव मोठ्या अक्षरात आणि चौकटीत छापलेलं होतं. म्हणजे त्यात गुपित असं काहीच नव्हतं. आणि ज्यात गुपित नाही त्या गोष्टीवर आपल्याकडे कोण विश्वास ठेवतो?

*

नाशकात वेगवान गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे, गोदा थ्रॉटल मित्रमंडळ. महेशरावही त्यात होते. गणपती बसवत नाहीत एवढं सोडलं तर बाकी सगळं मंडळासारखंच: अध्यक्ष, उपाध्यक्ष, एकसारखे टी-शर्ट आणि वर्षभर चालणारं भांडण. या मंडळाचं एक सोवळं आहे. गाडीला मेकॅनिकचा हात लागता कामा नये. मेकॅनिक म्हणजे विटाळ. आपल्या गाडीचं आपणच करायचं. आता प्रत्यक्षात कुणी पाना हातात घेत नसे ही गोष्ट वेगळी. पण सोवळं पाळणाऱ्याने स्वयंपाक केलाच पाहिजे असं कुठे असतं?

अध्यक्ष होते दीपक सर. कॉलेज रोडला त्यांचा स्पर्धा परीक्षांचा क्लास, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ. "नमस्कार गिअरवीरांनो!" असं म्हणून ते सुरुवात करायचे. बोलता बोलता त्यांचा डावा हात आपोआप लांब जाऊन चेहऱ्यासमोर मोबाइल धरायचा. समोर माणूस असला तरी ते त्या हाताकडेच बघून बोलत.

गुरुवारी संध्याकाळी ते बंगल्यावर आले, चहा घेतला आणि पार्किंगमध्ये वेदिकाच्या तेलाचा डबा उचलून बघितला. बघितला आणि हसले. क्लासमध्ये नापास झालेल्याच्या पालकांसमोर हसतात तसे.

"जीएल-चार?" त्यांनी डब्यावरचा तेलाचा प्रकार वाचला.

"हो सर. गाडीला तेच लागतं."

"वेदिका, बाळा, एक सोपं सांग. चार मोठे की पाच?"

"सर, आकडा मोठा म्हणजे तेल मोठं असं नसतं. जीएल-पाच वेगळ्या कामाचं आहे. ते मागच्या ॲक्सलला. त्यात गंधक जास्त, आणि ते फार निसरडं. आपल्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. दोन गिअर वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, ही कडी मध्ये घुसून घासते आणि दोघांना एका वेगावर आणते. म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थच की. आता मध्यस्थाचे हातच तुपाने माखले, तर तो कुणाला धरून ठेवणार?"

हे इतकं सरळ होतं की दीपक सरांना ते पटण्याची शक्यताच नव्हती.

"मॅन्युअल सर्वसामान्यांसाठी असतं," ते डाव्या हाताकडे बघत म्हणाले. "आपली परफॉर्मन्स गाडी आहे. परफॉर्मन्सला पाच. रेसिंगवाले पाचच टाकतात. मी स्वतः..." इथे ते थांबले. स्वतःच्या गाडीत काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. "मी स्वतः यावर एक व्हिडिओ केला आहे."

"मग माझं हे तेल?"

"ठेव. शिलाई मशीनला होईल."

निवाडा अर्थातच महेशरावांकडे गेला. दीपक सरांनी जीएल-पाचचे डबे आणलेच होते. महेशरावांनी दोन्ही डबे उघडले, डाव्या तळव्यावर एक थेंब याचा, उजव्यावर एक थेंब त्याचा घेतला. लिलावात ढिगातला कांदा उचलून जसा तोलायचा, दाबायचा, साल चोळायची आणि नाकाला लावायचा, तसं त्यांनी तेल चोळलं आणि नाकाला लावलं. उभी हयात त्यांनी याच नाकावर काढली होती. वासावरून माल टिकाऊ की पाणचट, उन्हाळ की लाल, देवळ्याचा की नामपूरचा, हे ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. ज्याचा अंदाज बरोबर येतो त्या माणसाचं हेच होतं. मग ते नाक तो कुठंही खुपसतो.

जीएल-चारचा वास घेऊन ते म्हणाले, "हं." 

जीएल-पाचचा वास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. गंधकच ते, सडक्या अंड्याचा सख्खा भाऊ.

"ह्याला म्हणत्यात माल!" डोळे पुसत महेशराव म्हणाले. "काय उग्र हाय! दम हाय ह्याच्यात. तुझं ते तेल पांचट आहे, वेदा. वासच नाही त्याला. असल्या मालाला आमच्याकडं कोणी बोली लावत नाय."

"पप्पा, या तेलात भजी तळायची नाहीयेत."

"वास नाही त्यात कस नाही," महेशराव म्हणाले. विषय संपला.

*

विषय संपला, पण सोहळा सुरू झाला. तेल बदलायचं म्हणजे कुणाच्या तरी शुभहस्ते बदललं पाहिजे हे महेशरावांना त्याच रात्री जेवताना सुचलं. सकाळी उठून बघितलं तर व्हॉट्सॲपवर पत्रिका फिरत होती: जुने तेल विसर्जन व नवीन तेल शुभारंभ सोहळा. शुभहस्ते, नामपूरचे पुंजाआप्पा, बाजार समितीचे माजी उपसभापती. पत्रिकेत आप्पांचा फोटो मोठा, महेशरावांचा त्याहून थोडा लहान, दीपक सरांचा कोपऱ्यात गॉगलसह आणि गाडीचा फोटो नव्हता. जागा उरली नव्हती.

वेदिकाने शुक्रवारी गाडी स्टँडवर चढवली आणि खाली शिरून बघितलं. गिअरबॉक्सला दोन नट असतात. खालचा तेल काढायचा, बाजूचा तेल भरायचा. ज्याने हे काम कधी एकदा जरी केलंय त्याला एक गोष्ट ठाऊक असते: आधी भरायचा नट सुटतोय का ते बघायचं. तो सुटला तरच खालचा उघडायचा. नाही तर तेल निघून जातं, भरायला वाट नसते, आणि गाडी तिथल्या तिथे शोभेची होते. वेदिकाने आधी भरायच्या नटाला योग्य पाना लावला. तो गंजून बसला होता. तिने त्याच्यावर गंज सोडवणारा फवारा मारला आणि त्याला भिजत ठेवलं. जोर लावला नाही. जोर लावला की त्याच्या आतले कोपरे गोल होतात आणि मग देवही पाना लावू शकत नाही.

रात्री तिने सांगितलं, "पप्पा, बाजूचा नट अजून सुटलेला नाही. तो सुटेपर्यंत खालचा उघडू नका."

"आधी तेल काढायचं, मग भरायचं. भरलेल्या घागरीत कोण पाणी ओततंय?"

"तसं नाही हो..."

"आणि आप्पांना काय सांगू? थांबा, दुसरा नट रुसलाय? शुभ कामात अपशकून करू नको, वेदा."

*

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये मांडव होता. गाडीखाली उतरणं पुंजाआप्पांना शक्य नव्हतं. आप्पा कशाच्याही खाली शिरणारे गृहस्थ नव्हते आणि शिरले असते तर निघाले नसते. म्हणून दीपक सरांनी बाहेर बसूनच हात घालत खालचा नट आधीच अर्धा सैल करून पान्याला लांब पाईप जोडला होता आणि पाईपच्या टोकाला लाल रिबीन बांधली होती. खाली परात. परातीभोवती रांगोळी. वेदिका भिंतीला टेकून उभी. तिची आई मोहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. त्या खिडकीतून ती आजवर बरेच शुभारंभ बघत आली होती.

शाल झाली, श्रीफळ झालं. आप्पांनी गाडीभोवती नजर फिरवली.

"हाई काय शे, महेश? ह्या गाडीमा बसतस कसं?"

"पडून बसायचं, आप्पा."

"पडीसन?" आप्पांना ते पटलं. पडून करायच्या कामांबद्दल त्यांना आदर होता.

मग टाळ्या, मोबाइल वर, आणि आप्पांनी रिबीन धरून पाईप ओढला. नट सुटला. काळं, जुनं, दाट तेल आधी घाबरल्यासारखं थांबलं आणि मग असं जोरात आलं की परातीच्या काठाला आपटून रांगोळीवर आणि आप्पांच्या पांढऱ्या बुटावर गेलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तेलात सोनेरी चकाकी तरंगत होती.

"हाई ते सोनं शे!" आप्पा वाकून म्हणाले.

"पितळ आहे, आप्पा," वेदिका म्हणाली. "कड्यांचं. झिजलंय."

"पोर हुशार शे," आप्पा म्हणाले आणि बूट पुसायला रुमाल मागितला.

आता भरायचं. दीपक सर खाली सरकले. खरं सांगायचं तर मंडळाच्या इतिहासात अध्यक्ष गाडीखाली गेल्याची ही पहिलीच वेळ असावी. डाव्या हातात मोबाइल होता, म्हणून उजव्याने पाना लावला. पाना एक आकार लहान होता.

"सर, तो पाना नको," वेदिका म्हणाली. "आणि त्याला..."

"एक मिनिट, बाळा, रेकॉर्डिंग चालू आहे." त्यांनी जोर लावला. आतून कच् असा आवाज आला. पाना गर्रकन फिरला; नट होता तिथेच राहिला. त्यांनी परत लावला, परत कच्. आता नटाच्या आतला चौकोन वाटीसारखा गोल झाला होता. गाडीखालून पाना बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग दीपक सर मोबाइलला म्हणाले, "तर गिअरवीरांनो, लक्षात ठेवा, काही परदेशी गाड्यांमध्ये हा नट केवळ शोभेचा असतो."

वरती उभे असलेले सगळे एकमेकांकडे बघू लागले. महेशरावांच्या चेहऱ्यावर लिलावात बोली थांबल्यासारखी कळा आली. तेवढ्यात पुंजाआप्पांनी परिस्थिती सावरली. सार्वजनिक जीवनात त्यांची हयात गेली होती, आणि अर्धवट कामासमोर काय बोलायचं ते त्यांना झोपेतही येत होतं.

"तेल निंघनं ना? झाला शुभारंभ! भरानं ते टेक्निकल शे. ते नंतर व्हई."

सगळ्यांना हलकं वाटलं. मंडळी आप्पांना घेऊन शहराबाहेर मिसळ खायला गेली. गाडी स्टँडवर, पोट रिकामं, कपाळाला गुलाल. निघताना महेशराव वेदिकाकडे न बघता म्हणाले, "आता उद्याचं काय होत नाय. खाजाशेठना फोन करतो. आहे तशी घेऊन जातील."

*

मोहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"गेले?"

"गेले."

"तेल?"

"निघालं. भरता येत नाही."

"म्हणजे नेहमीसारखंच. उद्घाटन झालं, काम राहिलं." तिने सांडलेल्या रांगोळीकडे बघितलं. "तुला रडायचं असेल तर आत ये. नसेल तर सांग, काय आणू."

वेदिकाला क्षणभर खरंच रडायचं होतं. सोमवारी गाडी जाणार, आणि घरात कायमचं ठरणार की हिच्या हातानेच गेली. बाईच्या हाताला गिअर बसत नसतो. ती बोनेट उघडून गिअरबॉक्सकडे बघत राहिली. रोज कारखान्यात ती अशीच झाकणं, भोकं आणि नळ्या कागदावर काढत असायची. आपण काढलेल्या यंत्रात लोक हात कुठून घालतील याचा विचार करण्याचाच तिला पगार मिळायचा. मग तिची नजर गिअरबॉक्सच्या माथ्यावर गेली. तिथे एक छोटं बोंड होतं, वायर लावलेलं. रिव्हर्स टाकला की मागचा पांढरा दिवा लावणारं बटण. ते स्क्रू करून बसवलेलं असतं. काढलं की खाली भोक, आणि भोक थेट गिअरबॉक्सच्या पोटात.

"आई, ते लोणच्याच्या तेलाचं नरसाळं आहे ना?"

मोहिनी थबकली. "कैरीचं?"

"त्यावर नळी लावायचीय."

"ते परत लोणच्याला चालेल का?"

"नाही."

मोहिनीने विचार केला. नवऱ्याच्या मंडळापायी आणि गाडीपायी या घरातलं बरंच काही गेलं होतं. एक नरसाळं गेलं तर काय मोठंसं. ती आत गेली आणि नरसाळं घेऊन आली.

वेदिकाने खालचा नट पुसला, त्याच्या टोकाच्या चुंबकाला चिकटलेला राखाडी गाळ काढला, नवीन वायसर घातला आणि बसवला. दीपक सरांनी तो हाताने घट्ट करून सोडला होता. वायसर त्यांच्या लेखी बहुधा शोभेचा होता. मग वरचं बटण काढलं, नळी घातली, आणि मोहिनीने नरसाळं धरलं. पांचट, बिनवासाचं, मधासारखं तेल सावकाश खाली उतरायला लागलं.

"हे तुझं तेल?" मोहिनीने विचारलं.

"हो."

"वास तर येत नाही गं."

"आई!"

"नाही, बरं आहे म्हणते मी. या घरात वास नसलेली एखादी गोष्ट असावी."

पुस्तकात दिलं होतं तेवढं मोजून भरलं. बटण परत लावलं. आता उरले दीपक सरांचे डबे, उग्र, दमदार, जीएल-पाच. टाकून देणं वेदिकाच्या जिवावर आलं. गेटजवळ महेशरावांची लासलगावला जायची जुनी जीप उभी होती, जिचा मागचा ॲक्सल गेली दोन वर्षं पिठाच्या गिरणीसारखा गुंगुं करायचा. वेदिका जीपखाली शिरली. आधी भरायचा नट उघडून बघितला. सुटला. मग खालचा उघडला. अर्धं तेल कधीच गळून गेलेलं; उरलेलं डांबरासारखं. तिने दीपक सरांचं तेल भरलं. हे त्याचंच घर होतं. जीएल-पाच इथेच नांदतं.

महेशराव परतले तेव्हा गाडी जमिनीवर होती आणि डबे रिकामे. ते रिकाम्या डब्यांकडे बघत राहिले.

"भरलं? कुठून?"

"वरून," वेदिका म्हणाली. "आणि पप्पा, यातलं तेल..."

"बोलू नको. मला म्हाईत होतं, दमदार माल आपली वाट आपण काढतो." मग त्यांना आठवलं. "पण खाजाशेठ उद्या घाटातच येतायत. करकर ऐकू आली की सौदा तिथंच."

*

रविवारी सकाळी महेशराव जीपमध्ये पुढे, वेदिका लाल गाडीत मागे. झिजलेल्या कड्या एका तेलाने नव्या होत नाहीत हे तिला ठाऊक होतं. काल संध्याकाळी कॉलनीत फेरी मारली तेव्हा दुसरा गिअर गुपचूप बसला होता. पण कॉलनीत गिअर बसणं आणि घाटात, गरम होऊन, वळणाच्या तोंडाशी बसणं यात सांगून आलेला पाहुणा आणि न सांगता आलेला पाहुणा एवढा फरक असतो.

दीपक सर तिच्या आधी धावले. त्यांची गाडी आवाजाला सगळ्यांत मोठी होती. महेशराव आणि खाजाशेठ वरच्या आखूड वळणाशी उभे राहिले. तिथेच तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं, तिथेच गाडी खरं बोलते. खाजाशेठ मालेगावचे, यंत्रमागांचे मालक. अख्ख्या कारखान्याच्या खडखडाटात एखाद्या मागाचा धोटा चुकला तर त्यांना ऐकू येत असे.

झेंडा पडला. वेदिका सुटली. खालची वळणं गेली, मधला चढ गेला, गाडी तापली, आणि आखूड वळण समोर आलं. ब्रेक. क्लच. तिने दांडी ओढली, जोराने नाही. मध्यस्थाला बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा देऊन. हाताला क्षणभर काहीतरी अडलं. मग ते अडलेलं मऊ झालं आणि दांडी आत गेली, खाटेवर मांजर बसावं तशी. आवाज आला नाही. टायर ओरडले, इंजिन ओरडलं, दगडी कठड्यापलीकडचे लोक ओरडले. फक्त गिअर बोलला नाही.

खाजाशेठ कान टवकारून उभे होते. गाडी वर निघून गेली तरी ते तसेच.

"महेशभाय," ते म्हणाले, "आपने तो बोला था गिअर आवाज करता है."

"करत होता."

"इतना साफ गिअर! देखो, अब तो मुझे लेनाच है. बोलो."

आणि इथे महेशरावांचा सौदा मोडला. ज्याच्यात खोट आहे ते विकायला त्यांची ना नव्हती. पण दुसऱ्याला इतका हवा असलेला माल हातचा सोडायचा? लासलगावात असं कुणी करत नाही.

"आता नाय विकायची," महेशराव म्हणाले. "पोरगी चालवती ती."

निकाल लागला तेव्हा वेदिका पहिली आली नव्हती. तिच्या वर काही नावं होती. दीपक सरांचं नाव तिच्या बरंच खाली होतं. त्यांनी लगेच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की वेळ हा परफॉर्मन्सचा एकमेव निकष नसतो. त्यावर अंगठे आले.

महेशराव मात्र जीपच्या बोनेटला टेकून भोवतीच्या चार माणसांना सांगत होते: तेल कसं चोळायचं, कसं नाकाला लावायचं, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. "आणि दुसरी गंमत ऐका. आज येताना ही जीपसुद्धा गुंगुं करत नव्हती! दोन वर्षं बोंबलत होती. घरात एक चांगलं तेल आलं, की सगळ्या गाड्यांना कळतंय."

वेदिका हेल्मेट काढून तिथे आली होती. केस घामाने चिकटलेले. तिने हे ऐकलं, आणि आज तिला गप्प राहायची गरज नव्हती.

"पप्पा, तुमचं उग्र तेल लाल गाडीत नाहीये. ते जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये आहे. गाडीत माझं पांचट तेल आहे."

चार माणसं थांबली. महेशराव तिच्याकडे बघत राहिले. मग जीपकडे, मग पार्क केलेल्या लाल गाडीकडे. घाटातून वारा येत होता आणि त्यात जळलेल्या क्लचचा वास होता, बहुधा दीपक सरांच्या. महेशराव वाकले, जीपच्या मागच्या ॲक्सलजवळ नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"तेच म्हणतो मी," ते चार माणसांना म्हणाले. "मालाची पारख चुकली नव्हती माझी. फक्त गाडी चुकली होती."

मग खिशातून लाल गाडीची दुसरी किल्ली काढून, सगळ्यांसमोर न दिल्यासारखी करून, त्यांनी ती वेदिकाच्या हेल्मेटमध्ये टाकली.

"आणि वेदा, ते नरसाळं तेवढं घरी नीट घासून ठेव. तुझी आई काल त्याच्यावरून जेवताना माझ्याशी बोलली नाय."